दुपारची लाइन

डायल-अप म्हणजे काय, हे आता विशीतल्या मुलांना समजावून सांगावे लागते. माणसे ज्या दोन तारांवरून बोलतात त्याच तारांवरून कॉम्प्युटरने दुसऱ्या कॉम्प्युटरला फोन लावायचा. मधला दुभाषी म्हणजे मॉडेम. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यापुरती बेतलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यातलेच आवाज ती नेते. म्हणून कॉम्प्युटरचे आकडे आधी आवाजात बदलायचे, तारेवर सोडायचे आणि पलीकडे पुन्हा त्यांचे आकडे करायचे. हे काम चालू होताना मॉडेम जे ओरडत असे ते ज्यांनी ऐकले त्यांच्या कानात अजून असेल. आधी डायल टोन, मग नंबर लागल्याचे टुकटुक, मग पलीकडून एक लांब उंच शिट्टी, तिला उत्तर आणि शेवटी पाऊस पत्र्यावर पडावा तशी खरखर. खरखर थांबली की लाइन जुळली. माझे अब्बा या सगळ्याला दोन मॉडेमची 'सलाम-दुआ' म्हणत.

हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी आली, गावाचा रुबाब थोडा वाढला, पण रेल्वे मीटरगेजच होती आणि हैदराबादचा उर्दू पेपर हातात पडेपर्यंत शिळा होत होता. आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो डिसेंबर २००१ मध्ये. भाईजान सौदीत दम्मामला एका कंपनीत फिटर होते. पैसे त्यांनी पाठवले. २००१ सालीच राज्यात एमएस-सीआयटी सुरू झाला होता, तो मी नुकताच केला होता, म्हणून घरात कॉम्प्युटरची जाणकार मी. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, विज्ञान आणि गणित शिकवणारे. त्यांना माऊस धरता येत नसे. पण बिघाड म्हटला की त्यांच्या अंगात शाळा संचारायची.

टेलिफोन खात्याचे ऑक्टोबर २००० मध्ये भारत संचार निगम झाले होते, तरी आम्ही 'खाते'च म्हणत होतो. त्यांच्या संचारनेटचे तासांचे पॅक मिळत असे. १७२२३३ फिरवायचा, नाव आणि पासवर्ड द्यायचा. निदान कागदावर तरी एवढेच होते. पहिल्या दिवसापासून विंडोज ९८ आम्हाला एकच वाक्य दाखवू लागले : एरर ६८०, डायल टोन नाही. अब्बांनी रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला. टोन तर खणखणीत येत होता.

त्यात खोट कोणाची नव्हती. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरवलेला. अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्झ मिसळून केलेला. तिकडच्या कानाने बनवलेले मॉडेम आपला टोन ओळखायचेच नाही. मॉडेमच्या जादा सेटिंगमध्ये 'एक्स३' लिहिले, म्हणजे 'टोनची वाट पाहू नकोस, सरळ नंबर फिरव' असे सांगितले, की काम भागे. अब्बांना हे फार आवडले. "त्याला आपली बोली येत नाही, एवढंच," ते म्हणाले. आमच्या घरात अम्मीची दखनी, अब्बांची पुस्तकी उर्दू, माझी शाळेची मराठी आणि कॉम्प्युटरची इंग्रजी असा कारभार. त्यामुळे ही अडचण आम्हाला परकी नव्हती.

पुढच्या महिनाभरात आकड्यांची ओळख झाली. ६७६ म्हणजे नंबर बिझी. ६७८ म्हणजे पलीकडून कोणी उचलत नाही. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. आकडा आला की अब्बा खूश असत. ज्या बिघाडाला नाव आहे तो निम्मा दुरुस्त झाला, असा त्यांचा हिशेब. माडीवर भाभीच्या खोलीत पॅरलल फोन होता. तो कोणी उचलला की लाइन तुटे. त्यावर चिठ्ठी चिकटवली. कॉल वेटिंगची बीप मध्ये आली की मॉडेम गोंधळून जाई. ती सोय बंद करून घेतली. हे सगळे जानेवारीत. तेव्हा मेल रोज जात होती, येत होती. भाईजान दम्मामच्या सायबर कॅफेत बसून रोमन लिपीत दखनी लिहायचे आणि मी ती अम्मीला वाचून दाखवायची. कागदाची पत्रे घरात उर्दूत येत, ती अब्बाच वाचत. मेलमुळे भाईजानची पत्रे वाचायचा मान माझ्याकडे आला, हे अब्बांना थोडे लागले असावे. ते बोलले नाहीत.

सौदीत सामान्य लोकांना इंटरनेट मिळाले ते १९९९ च्या जानेवारीपासून, आणि परदेशातली सगळी ये-जा रियाधच्या सरकारी संस्थेतल्या चाळणीतून होत असे. म्हणजे आमची अम्मीच्या गुडघेदुखीची बातमी हिंगोलीहून निघून समुद्र ओलांडून आधी रियाधला सरकारी सलाम करायची आणि मग दम्मामला पोचायची. इतक्या लांबच्या वाटेत बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायचे, म्हणजे गवतात सुई.

फेब्रुवारीच्या शेवटी लाइन वेगळ्याच तऱ्हेने वागू लागली. जुळायची, दोन-चार मिनिटे चालायची आणि तुटायची. पडद्यावर एवढेच : तुमचा संपर्क तुटला आहे. आकडा नाही. अब्बा अस्वस्थ झाले ते या बिननावाच्या बिघाडाने.

बकरीद नुकतीच झाली होती. २७ फेब्रुवारी २००२ ला गोध्रा घडले आणि २८ पासून गुजरात पेटले. दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, शुक्रवार होता. भाईजान दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजेनंतर बूथवरून फोन करायचे. तिकडचे पाऊण म्हणजे आपल्याकडचे सव्वातीन. फोन वाजला, अम्मीने उचलला. "हॅलो, अम्मी, तुम लोगां…" एवढे ऐकू आले, मग खर्रकन आवाज झाला आणि लाइन मेली. पुन्हा वाजला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाजलाच नाही.

आमच्या गल्लीत काही झालेले नव्हते. दुकाने लवकर बंद होत होती, माणसे हळू बोलत होती, एवढेच. पण दम्मामच्या खोलीत आठ माणसे एका टीव्हीसमोर बसलेली, पडद्यावर जळती घरे, आणि घरचा फोन 'हॅलो' म्हणताच कापला जातो. भाईजानना हिंगोली ते अहमदाबाद अंतर किती हे ठाऊक होते. ठाऊक असून काय उपयोग? आमच्या बाजूने ती खराब लाइन होती. त्यांच्या बाजूने ती काय होती हे त्यांच्या त्या रात्री आलेल्या मेलमध्ये दिसले. एकाच ओळीत चार वेळा लिहिले होते : जवाब दो.

जवाब देण्यासाठी मी दुपारपासून बसले होते. मेल लिहून झाली की 'पाठवा' दाबेपर्यंत लाइन जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी बरी, अकरानंतर पुन्हा तेच. अम्मी जानमाजवरून उठत नव्हती. दादी हयात असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. दादींचे माहेर उस्मानाबादकडचे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर कित्येक महिने त्यांना माहेरची खबर नव्हती. ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली त्यांत पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाने उस्मानाबाद धरले आहे. तो अहवाल लोकांसमोर यायला ६० वर्षांहून अधिक काळ गेला. दादी अहवाल वाचणाऱ्या नव्हत्या. पोस्टमन गल्लीत आला की त्या दाराशी येत, आणि तो निघून गेला की बराच वेळ तिथेच उभ्या राहत. ही सवय त्यांना शेवटपर्यंत होती. अम्मी त्या घरात सून म्हणून आलेली; खबर न येणे म्हणजे काय हे तिने त्यांच्याकडून पाहून घेतले होते.

अशात शेजारचे चाचा आले. त्यांचा फोनही खरखर करत होता. ते दबक्या आवाजात म्हणाले, "मास्टरसाब, आपल्याच गल्लीचे फोन का जातात? तारा कोणी तरी कापतंय. बाजारात बोलतायत लोक." हे वाक्य त्या आठवड्यात किती घरांत बोलले गेले असेल, आणि किती घरांत खरेही मानले गेले असेल! मलाही ते क्षणभर पटल्यासारखे झाले. अशा दिवसांत असे वाक्य पटायला वेळ लागत नाही.

अब्बांनी चष्मा पुसला. "कापतात म्हणता. मग रात्री कोण जोडून देतं?"

चाचांना कळेना. अब्बा म्हणाले, "काल रात्री मुलाची मेल आली. परवा रात्री पेपर वाचला. रात्री लाइन चालते. कापणारा माणूस रोज इशानंतर येऊन तार जोडतो आणि सकाळी पुन्हा कापतो काय?"

चाचा गेल्यावर त्यांनी वही काढली. जुनी हजेरीची वही, उरलेली पाने कोरी. मला म्हणाले, "बेटा, आता घाबरायचं नंतर. आधी लिहायचं." रकाने आखले : वेळ, जुळल्यावरचा वेग, किती मिनिटे टिकली, कशी तुटली. दर दोन तासांनी मी लाइन लावायची आणि त्यांनी लिहायचे. वही उर्दूत, म्हणजे अक्षरे उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे. वेगाचा आकडा कॉम्प्युटर स्वतःच दाखवतो, मात्र तो पारखून घ्यावा लागतो. काही मॉडेम १,१५,२०० असा थाटाचा आकडा दाखवतात. तो कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यातला वेग, तारेवरचा नव्हे. आमचे मॉडेम खरे बोलणारे निघाले.

तीन दिवसांत वहीने जे सांगितले ते असे : सकाळी सातला ३१,२०० आणि लाइन टिकते. अकराला २६,४००. दुपारी एकला २४,०००, चार मिनिटांत तुटली. तीनला जुळलीच नाही. मगरिबनंतर २८,८००. रात्री दहाला पुन्हा ३१,२००. माणसाच्या दुष्टाव्याला असे वेळापत्रक नसते. उन्हाला असते.

त्याच रात्री दहाला आम्ही भाईजानना मेल टाकली. मजकूर अब्बांनी सांगितला, मी रोमनमध्ये टाइप केला : यहाँ सब खैरियत है. घर की लाइन में खराबी है, दिन को गरम होती है तो जाती है. फोन कटे तो घबराना नहीं. दिन में हमारी मेल नहीं आएगी, रात को आएगी. जुमे का फोन सुबह करो. भाईजानने उत्तरात दोनच शब्द लिहिले, अच्छा अब्बा. पण त्यानंतर 'जवाब दो' आले नाही. लाइन तशीच खराब होती. ती गप्प झाली तर का होते, एवढे मात्र आता दोन्ही टोकांना माहीत होते.

उरले होते खोट शोधणे. मी कुठेतरी वाचून 'एस१०' नावाचे सेटिंग सुचवले. पलीकडचा आवाज गेल्यावर मॉडेमने किती वेळ धीर धरायचा हे त्यात असते. बहुतेक मॉडेममध्ये १४, म्हणजे १.४ सेकंद. तो आकडा वाढवला की बारीकसारीक तुटणे मॉडेम पचवते. करून पाहिले, दुपारची चार मिनिटे नऊवर गेली. अब्बांनी तशी नोंद केली आणि पुढे लिहिले, 'ताप उतरवणारी गोळी. आजार आत आहे.'

१९८ वर तक्रार नोंदवली होती. लाइनमन आले. वयाने अब्बांच्या बरोबरीचे, त्यांची मुले उर्दू शाळेत नव्हती तरी अब्बांना गुरुजीच म्हणणारे. खांबावर चढून त्यांनी डब्यातल्या आमच्या जोडीला आपला फोन लावला. "साफ आहे, गुरुजी." अब्बांनी विचारले, "आत्ता सकाळचे दहा वाजलेत. तीनला याल का?" दुसरा कोणी चिडला असता. लाइनमन वहीकडे बघत राहिले. उर्दू त्यांना येत नव्हती, आकडे कळले. तीनला आले. भर उन्हात तापलेल्या खांबावर चढले आणि वरूनच ओरडले, "इथपर्यंत साफच आहे! पुढचं तुमच्या घरातलं!"

बिघाड शोधायची रीत एवढीच आहे, आणि ती टेलिफोनपुरती नाही. वाटेचे दोन तुकडे करायचे, कुठला चांगला ते बघायचे, उरलेल्याचे पुन्हा दोन करायचे. रियाध, समुद्र, मुंबई, एक्स्चेंज, खांब हे सगळे एका ओरडण्याने सुटले. राहिली खांबापासून मॉडेमपर्यंतची आमची ४०-५० फूट तार.

तीही अब्बांनी तशीच वाटली. तार जिथे घरात शिरते तिथे फोन लावला. खरखर तिथेही होती. म्हणजे आतली तार, रोझेट, माडीवरचा पॅरलल, मॉडेम, विंडोज हे सगळे निर्दोष. खरखर नीट ऐकायची तर एक युक्ती लाइनमननी दाखवली : रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबायचा. डायल टोन थांबतो आणि मागे लाइनचा स्वतःचा आवाज उरतो. मी कान लावून बसले. अब्बा खालून काठीने तार हळूहळू टोकत निघाले. ओसरीच्या पत्र्याखाली काठी पोचली आणि माझ्या कानात जोंधळ्याच्या लाह्या फुटल्या.

१९९८ मध्ये ओसरीवर पत्रे टाकले तेव्हा तार तोकडी पडली होती. पत्र्याच्या मिस्त्रीने दुसऱ्या वायरचा तुकडा पिळून जोडला होता आणि वर काळी पट्टी गुंडाळली होती. मूळ तार लोखंडाची, तुकडा तांब्याचा. चार पावसाळे त्यात मुरले, गंज धरला. जोड पत्र्याला चिकटून होता. थंडीत तो कसाबसा धरून होता. फेब्रुवारीअखेर ऊन वाढले, पत्रा तापून ताणू लागला आणि जोड सैल पडू लागला. माणूस बोलतो तेव्हा मध्ये अर्धा शब्द गेला तरी कान तो भरून काढतो. मॉडेमला तशी समज नाही, त्याला अक्षर न अक्षर लागते, म्हणून तो आधी हार खातो. आणि उन्हाच्या भरात जोड पुरता सुटला की तारेतला प्रवाह थांबतो. एक्स्चेंजला वाटते घरच्यांनी रिसीव्हर ठेवला. सव्वातीन ही नेमकी पत्रा सर्वांत तापलेला असण्याची वेळ. जुम्याची नमाज, दम्माम आणि हिंगोलीच्या घड्याळातला अडीच तासांचा फरक, आमच्या ओसरीचा पत्रा, एवढ्या गोष्टी एका रेषेत आल्या होत्या आणि भाईजानचा "तुम लोगां" तिथेच तुटत होता.

मी शिडीवर चढून पट्टी सोडली. हिरवट-तांबडा भुगा हातावर पडला. लाइनमननी नवा जोड द्यायला नकार दिला. "ताई, जोड म्हणजे उद्याची तक्रार," म्हणाले, आणि खांबापासून रोझेटपर्यंत अखंड तार ओढून दिली, पत्र्यापासून वीतभर लांब. त्या दिवशी दुपारी अडीचला वहीत ४०,००० लिहिले गेले. अब्बांनी त्या आकड्याभोवती लाल शाईने गोल काढला, जसा ते पैकीच्या पैकी मार्कांभोवती काढत.

१ एप्रिल २००२ पासून देशात इंटरनेटवरून बोलण्याला परवानगी मिळाली. आम्ही माइक आणला. "आवाज आरी क्या, अम्मी?" हे दम्मामहून आलेले पहिले वाक्य अर्धे यंत्राचे, अर्धे भाईजानचे वाटत होते. एवढ्या वेगावर याहून बरे होत नाही. अम्मी प्रत्येक उत्तर इतके ओरडून देत होती की इंटरनेटची गरज नव्हती, असे भाभी म्हणाली.

गुजरातच्या बातम्या अजून येतच होत्या. त्या आता रात्रीपर्यंत थांबून वाचाव्या लागत नव्हत्या. अब्बा दुपारी उर्दू पेपरचे पान उघडायचे. तेव्हा उर्दू पेपर नेटवर चित्राच्या रूपात टाकत, म्हणून पान वरून खाली इंचाइंचाने उतरायचे. आधी पेपरचे नाव, मग ठळक मथळा, मग खाली फोटोचा वरचा कडा. फोटो पुरा होण्याआधी कित्येकदा ते उठून अंगणात जात.

एप्रिलच्या मध्यात शेजारचे चाचा पुन्हा आले. त्यांची खरखर थांबली नव्हती, आणि आता खांबावरची तार कापली जात नाही हेही त्यांनी बाजारात सांगून झाले होते. अब्बा म्हणाले, "चार दिवस वेळ लिहून आणा." चाचा मराठी शाळेत शिकलेले, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने पाडून ते मराठीत लिहून घेऊन आले. त्यांची लाइन दुपारी नव्हे, रात्री जात होती. अब्बांनी कागद दोनदा वाचला आणि मला शिडी काढायला सांगितले.